ताटीपाशी उभे राहा
(आळंदी, कार्तिकी सोहळ्यातील कीर्तन)



मायबाप श्रोते हो, कार्तिक वद्य त्रयोदशी जवळ आली. इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर राहुट्या पडल्या आहेत. माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा डोळ्यांत साठवायला तुम्ही लांबलांबून आलात. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ साली याच तिथीला माउलींनी समाधी घेतली. ती कथा तुम्ही दरवर्षी ऐकता, आणि या सप्ताहात अधिकारी कीर्तनकारांच्या मुखातून पुन्हा ऐकाल. आज मला तिच्या आधीची गोष्ट सांगायची आहे.

निवृत्तीनाथांचा जन्म १२७३ चा, ज्ञानोबारायांचा १२७५, सोपानकाकांचा १२७७ आणि मुक्ताईचा १२७९, असं आपण मानतो. दोन-दोन वर्षांच्या अंतरानं झालेली ही भावंडं. विठ्ठलपंत संन्यास घेऊन, गुरूंच्या आज्ञेनं पुन्हा गृहस्थाश्रमात आले म्हणून हे घर वाळीत पडलं. पुढं मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी प्रयागला जाऊन देह ठेवला. मागं राहिली चार लेकरं. आणि लोक त्यांना काय म्हणायचे? संन्याशाची पोरं!

ज्यांच्या पादुका पालखीत ठेवून आपण चालतो, ती चौघं एके काळी आईबाप गेलेली पोरकी मुलं होती. हे आपल्या लक्षात राहत नाही. आपण त्यांना एकदम देवपदाला नेऊन बसवतो. पण आधी ती पोरं होती हो!

आता ज्या प्रसंगाचे अभंग आपण टाळमृदंगावर म्हटले, तो प्रसंग पाहा. कुणीतरी लागेल असं बोललं. ज्ञानोबारायांच्या मनाला ते फार लागलं. ते झोपडीत गेले आणि आतून ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. कुडाच्या घराला कामट्यांचं विणलेलं जे दार असतं, ती ताटी. लाथ घातली तर एका लाथेत मोडेल, इतकंच ते दार. बाहेर कोण उभी आहे? चौघांत सगळ्यांत धाकटी, मुक्ताई.

तिला दोन गोष्टी करता आल्या असत्या. ताटी मोडून आत शिरता आलं असतं. नाहीतर "बसू दे त्याला रुसून, भूक लागली की येईल बाहेर," असं म्हणून निघून जाता आलं असतं. मुक्ताईनं दोन्ही केलं नाही. ती तिथंच उभी राहिली. बोलत राहिली. लाडानं बोलली, हक्कानं बोलली, समजुतीचं बोलली. शेवटी आतल्यानं आतून ताटी उघडली. विठ्ठल, विठ्ठल!

आज सेवेला एवढाच भाव घेतला आहे. ज्या मुलाचं माणूस गेलं, ते मूल आतून ताटी लावून घेतं. ती मोडायची नाही, आणि तिथून हलायचंही नाही.

तुम्ही म्हणाल, महाराज, हा विषय कीर्तनात कशाला? अहो, आपल्याइतकी दुःखाच्या घरी जाणारी दुसरी मंडळी आहेत कुठं? गावात कुणी गेलं की भजनाला टाळकरी जातात. दहाव्याला नदीकाठी प्रवचन असतं. वर्षश्राद्धाला कीर्तन असतं. आम्ही कीर्तनकार तिथं उभे राहतो तेव्हा समोर पहिल्या ओळीत कोण असतं? डोकं भादरलेलं, उपरणं सावरता येत नाही असं आठ-दहा वर्षांचं पोर. आम्ही देह नश्वर आहे, आत्मा अमर आहे असं सांगतो. मोठी माणसं मान हलवतात. आणि ते पोर पिंडाकडं पाहत असतं, कावळा का शिवत नाही म्हणून. त्याच्याशी कोण बोललं? त्याला कुणी काय सांगितलं?

आपण काय सांगतो ते पाहू. पहिलं वाक्य ठरलेलं. "देवाला चांगली माणसं लवकर आवडतात, म्हणून देवानं बाबांना नेलं." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण सहा वर्षांच्या मुलाच्या कानानं ऐका. चांगली माणसं देव नेतो, मग आई पण चांगलीच आहे, उद्या तिला नेईल. मी चांगला वागलो तर मलाही नेईल. ज्या विठ्ठलापुढं आपण त्याला हात जोडायला शिकवलं, तो विठ्ठल एका वाक्यात त्याच्या बापाचा चोर ठरला! पुढं हा मुलगा देवळात येईना की आपणच म्हणतो, आजकालच्या पोरांना देवधर्म नको.

दुसरं वाक्य, "आजी झोपली आहे." मग ते मूल रात्री झोपायला घाबरतं. आई जरा आडवी झाली की तिला हलवून उठवतं. तिसरं, "बाबा गावाला गेलेत." मग ते रोज संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट पाहतं. एक दिवस त्याला खरं कळतं, आणि त्या दिवशी दोन गोष्टी जातात. बाप गेलेला असतोच, आता आईच्या शब्दावरचा विश्वासही जातो.

मग सांगायचं काय? साध्या शब्दांत खरं सांगायचं. जवळ घ्यायचं, हात धरायचा आणि म्हणायचं, "बाळा, बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. आम्हाला सगळ्यांना फार वाईट वाटतंय. तुला काहीही विचारायचं असेल तर विचार." देवाविषयी घरात जी श्रद्धा असेल ती जरूर सांगा, पण आधी हे सांगा. चार-पाच वर्षांचं मूल तरीही उद्या विचारेल, "बाबा कधी येणार?" तेव्हा रागावू नका. मरण म्हणजे कायमचं, हे त्या वयात एका वेळी कळत नाही. पुन्हा तेच सांगायचं, तितक्याच शांतपणे. आपण हरिपाठ रोज म्हणतो ना? कालच म्हटला, आज कशाला, असं म्हणतो का?

आता मुलाच्या आत काय चालतं ते पाहा. ज्याचं माणूस गेलं त्या मुलाच्या पोटात बहुतेक वेळा तीन प्रश्न असतात. ते तोंडानं विचारत नाही, म्हणून ते ओळखावे लागतात.

पहिला प्रश्न, हे माझ्यामुळं झालं का? सात-आठ वर्षांच्या मुलाला वाटतं, आपल्या मनातल्या गोष्टीनं जग चालतं. आदल्या दिवशी बाबांनी मोबाइल काढून घेतला, हा रागानं मनात म्हणाला, "मरा." आणि दुसऱ्या दिवशी अपघात झाला. मायबाप, हे ओझं घेऊन पोर वर्षानुवर्षं जगतं आणि कुणाला सांगत नाही. म्हणून त्यानं विचारायची वाट पाहू नका. आपणहून सांगा, "तू काही केलंस, बोललास, मनात आणलंस म्हणून हे झालेलं नाही."

दुसरा प्रश्न, आता मी पण मरणार का? आई पण मरणार का? इथं "आम्हाला कधीच काही होणार नाही" असं वचन देऊ नका, ते आपल्या हाती नाही. म्हणा, "बहुतेक माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात. मी माझी काळजी घेते, डॉक्टरांकडं जाते. मला तुझ्यासोबत पुष्कळ वर्षं राहायचंय."

तिसरा प्रश्न आपल्याला स्वार्थी वाटतो, पण तो लेकराचा जीव असतो. माझं आता कोण करणार? डबा कोण देणार, फी कोण भरणार, शाळा सुटणार का, मामाकडं पाठवणार का? मोठी माणसं हे सगळं त्याच्या डोक्यावरून बोलतात आणि ते कोपऱ्यात बसून ऐकतं. त्याला समोर बसवून सांगा की सकाळी तुला शाळेत कोण सोडेल, रात्री तू कुणापाशी झोपशील. जेवढी दिनचर्या जुनी ठेवता येईल तेवढी ठेवा. तीच शाळा, तेच मित्र, तीच झोपायची जागा.

आणखी एक. पोर सकाळी बापाच्या नावानं टाहो फोडतं आणि तासाभरानं अंगणात गोट्या खेळतं. बाया म्हणतात, "बघा, याला काही नाही त्याचं!" असं म्हणू नका हो. लहान मुलाचं दुःख श्रावणासारखं असतं, क्षणात सर, क्षणात ऊन. सतत दुःख पेलायची त्याची ताकद नाही, म्हणून ते मधेमधे खेळतं. खेळू द्या. कुणी पुन्हा अंथरूण ओलं करेल, कुणाचं पोट दुखेल, कुणी आईचा पदर सोडणार नाही. ही सोंगं नव्हेत. त्याला शब्द सापडत नाहीत, म्हणून ते शरीरानं बोलतं.

आता मोठ्या मुलांचं बघू. चौदा-पंधराचा मुलगा रडत नाही. दार लावून घेतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, नाहीतर बापाची मोटारसायकल काढून सुसाट जातो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रत्येक पाहुणा काय म्हणतो? "आता रडायचं नाही. आता तूच घरचा कर्ता." अहो, दाढीमिशी फुटली नाही त्याला, कर्ता कशाचा! तुकोबारायांचे आईवडील गेले तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून दुकान, देणंघेणं सगळं यांच्या अंगावर पडलं. पुढं दुष्काळात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. तुकोबा त्यातून तरले, कारण ते तुकोबा होते. आपल्या पोरावर तसा प्रसंग लादून, तो तुकोबा होईल ही आशा धरणं बरं नव्हे. त्याला म्हणा, "घराचं आम्ही पाहतो. तू दहावीचं बघ. आणि रडावंसं वाटलं तर रड, मी पण रडतो."

आणि मुलीचं काय होतं? आई गेली तर बारा वर्षांची पोर एका रात्रीत घरातली बाई होते. भाकरी, धुणं, धाकट्या भावाची अंघोळ. शाळा कधी सुटली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बाप गेला तर दहाव्यालाच कुणीतरी सांगतं, "वर्षाच्या आत हिचं लग्न उरकून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." अठरा पूर्ण नसलेल्या मुलीचं लग्न हा कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. जिचा बाप आत्ता गेला, तिच्याकडून तुम्ही तिचं घर, तिची शाळा, तिच्या मैत्रिणीही काढून घेता? गळ्यात माळ असणाऱ्यानं तरी हे शब्द बोलू नयेत. दुसरा बोलला तर त्याला अडवावं.

आता जे सर्वांत अवघड, ते बोलतो. आपल्याकडं मराठवाड्यात, विदर्भात कित्येक घरांत बापानं कर्जापायी, निराशेपायी स्वतःचा जीव दिला आहे. त्या घरात मुलांना सांगतात, हार्ट अटॅक आला. गावाला मात्र ठाऊक असतं. शाळेच्या आवारात एक पोर दुसऱ्याला म्हणतं, "तुझ्या बापानं जीव दिला." खरी गोष्ट त्या लेकराला कळते, पण वैऱ्याच्या तोंडून कळते. मायबाप, खरं घरात कळलं पाहिजे, पारावर नव्हे. बारकावे सांगायची गरज नाही. मुलाच्या वयाला झेपेल एवढं सांगा, "बाबांच्या मनाला फार मोठं दुखणं झालं होतं. त्या दुखण्यात त्यांना वाट दिसेना, आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला. ते तुझ्यामुळं झालं नाही. तुझ्यावर त्यांचं प्रेम होतं. तुला कधी तसं जड वाटलं तर लगेच आम्हाला सांग, मदत मिळते." आणि गावकऱ्यांनी काय करायचं? संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांच्या समाधीपुढं आज आपण रांग लावतो. आपल्या गावातल्या एखाद्या पोराला आपण तसंच काही म्हणत नाही ना, एवढं ज्यानं त्यानं तपासावं. विठ्ठल, विठ्ठल!

अंत्यविधीचं विचारतात, मुलांना न्यावं का? एक तर आपण त्यांना शेजारच्या घरात कोंडून ठेवतो, नाहीतर काही न सांगता हातात मडकं देऊन सरणाभोवती फिरवतो. दोन्ही टोकं झाली. मुलाला आधी सांगा की तिथं काय दिसेल, लोक मोठ्यानं रडतील, अग्नी देतील. मग विचारा, "यायचंय का?" यायचं असेल तर एक जवळचा माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा, जो त्याचा हात सोडणार नाही आणि नको वाटलं तर त्याला घेऊन घरी येईल. यायचं नसेल तर बळजबरी नको. तो घरी फोटोला फूल वाहील, एक दिवा लावील. त्याचाही निरोप पोहोचतो.

आता कुणी म्हणेल, महाराज, आपण वारकरी, आपण रडावं का? रडणं म्हणजे श्रद्धा कमी पडली का? मग समाधीच्या दिवशी चला. नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत तो दिवस सांगून ठेवला आहे. निवृत्तीनाथ म्हणजे कोण? थोरले बंधू, आणि ज्ञानोबारायांचे सद्गुरू. ज्यांनी ज्ञान दिलं ते. माउलींना आसनावर बसवलं, शिळा लागली, आणि ते निवृत्तीनाथ रडले. सोपानकाका, मुक्ताई रडले. नामदेवराय तर रडलेच. ज्यांना आत्मा अमर आहे हे अनुभवानं ठाऊक होतं, ते रडले! मग दहा वर्षांच्या पोराला "रडू नकोस, आईला त्रास होईल" असं आपण कोणत्या तोंडानं सांगायचं? पोरं आधीच आईच्या तोंडाकडं बघून रडू गिळतात. आई पोरांकडं बघून गिळते. एका छपराखाली सगळ्यांच्या ताट्या लागलेल्या! आईनं एकदा पोराला जवळ घेऊन त्याच्यासमोर रडावं. म्हणावं, "मला बाबांची आठवण आली म्हणून रडते आहे. तू काही केलं नाहीस. रडून झालं की आपण चहा करू." तिथं एक ताटी उघडते.

आपण पाहुणे, शेजारी, दिंडीकरी काय करू शकतो? तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी मांडव निघतो आणि घर खायला उठतं. म्हणून तुम्ही चौथ्या महिन्यात जा. पहिल्या दिवाळीला जा. निकालाच्या दिवशी जा, त्या दिवशी पोराची नजर बापाला शोधत असते. गेल्यावर गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आपल्याला वाटतं, नाव काढलं तर मुलाला दुःख होईल. उलट आहे. नाव कुणी काढत नाही, म्हणजे सगळे विसरले असं त्याला वाटतं. सांगा त्याला, "तुझे बाबा पहिल्या वारीला आले तेव्हा दिवे घाटात असे थकले होते," नाहीतर "तुझी आई अशी ओवी म्हणायची." त्यांची टोपी, टाळ, हातचं लिहिलेलं एखादं पत्र एका पेटीत ठेवून ती पेटी मुलाला द्या. ती त्याची इस्टेट.

पैठणच्या नाथमहाराजांचे आईबाप लहानपणीच गेले. त्यांना आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. गंगाखेडची जनाबाई, तिची आई लहानपणी गेली, वडिलांनी पंढरपुरात दामाशेटींच्या दारी आणून ठेवलं. जनाईनं पुढं विठ्ठलाला आई म्हटलं हे आपण गातो. पण आधी तिला एक घर मिळालं, त्या घरात नामदेव होते, गोणाई होती, कीर्तन होतं. मायबाप, पोरक्या लेकरापर्यंत विठ्ठल पोहोचतो तो कुणाच्या तरी पायांनी चालत पोहोचतो. ते पाय आपले असावेत.

काही वेळा मात्र आपलं प्रेम पुरत नाही, हेही ओळखा. मूल कित्येक आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, शाळेत जायचंच बंद झालं असेल, स्वतःला इजा करत असेल, तर डॉक्टरांकडं न्या. "मला बाबांकडंच जायचंय" असं म्हणालं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प बसवू नका. शांतपणे विचारा, "म्हणजे तुला मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलांच्या अडचणीसाठी १०९८ आहे. आणि आईबापांपैकी कुणी गेलं असेल त्या मुलांच्या शिक्षण-संगोपनासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. एकट्या बाईला कागदपत्रं जमत नाहीत. तुमच्यातल्या शिकलेल्यानं तिच्याबरोबर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात एक खेटा घालावा. तोही वारीचाच भाग समजा.

आता उद्या तुम्ही समाधीचं दर्शन घ्याल, इंद्रायणीचं तीर्थ बाटलीत भरून घ्याल आणि गावोगावी जाल. जाताना एवढं ठरवा. आपल्या गावात, आपल्या दिंडीत यंदा ज्या घरातलं माणूस गेलं आणि मागं लेकरं राहिली, ते घर आठवा. माउलींचा प्रसाद घेऊन त्या घरी जा. मोठ्यांशी बोलून झालं की त्या लेकरापाशी खाली बसा, त्याच्या हातावर पेढा ठेवा, त्याच्या बापाचं नाव घ्या. ते बोललं तर ऐका. बोललं नाही तर रागावू नका, पुढच्या एकादशीला पुन्हा जा. ताटी त्याच्या हातानंच उघडेल. आपण तिथं असलो पाहिजे, एवढंच आपल्याकडं आहे.

बोला, पुंडलीक वरदा हरी विठ्ठल!
श्री ज्ञानेश्वर महाराज की जय! आदिशक्ती मुक्ताबाई की जय!